टास्मानियात भाड्याची गाडी घेताय? मग ब्रुनी बेट नाही, ब्रुनीचा रस्ता विचारा

तुमचा प्रश्न खरं तर रूटबद्दल आहे. एप्रिलच्या शेवटी दोघंच ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जाणार, होबार्टला गाडी घेणार, मग स्ट्रॉन, क्रेडल माउंटन, लॉन्सेस्टन, सेंट हेलेन्स, कोल्स बे, ब्रुनी बेट आणि परत होबार्ट. आठ दिवसांत जमेल का, आणि फोर बाय फोर घ्यावी का. रूटवर वरच्या मंडळींनी भरपूर लिहिलंय. मी अडकले ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: "गाडीवाल्यांशी फोनवर बोललोय, ब्रुनीला खुशाल न्या म्हणाले, आणि बुकिंग साइटवरून फुल कव्हर घेतलंय, त्यामुळे तो विषय संपला." अहो, आमचा विषय नेमका तिथूनच सुरू झाला होता. त्यामुळे व्हिसा, लायसन्स, सिमकार्ड या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून थेट मुद्द्यावर येते.

आमच्याकडे गाडी मी चालवते, नवरा नकाशा आणि खाऊ सांभाळतो. बुक करताना आम्हीही विचारलं होतं, ब्रुनीला नेली तर चालेल का. काउंटरवरची मुलगी अगदी गोड हसून म्हणाली, हो, फेरीवर चढवा, काही प्रॉब्लेम नाही. आणि ते खोटं नव्हतं. केटरिंगहून फेरीने पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोचतो, आणि ब्रुनीचा मुख्य रस्ता बराचसा चांगला डांबरी आहे. पण ब्रुनीला जाणारा माणूस दक्षिण टोकाच्या दीपगृहाशी गेल्याशिवाय राहतो का? कैद्यांकडून बांधून घेतलेलं, 1838 साली पहिल्यांदा पेटलेलं दीपगृह आहे ते. आणि लुनावाना सोडलं की तिकडे जाणारा रस्ता खडीचा. साधी गाडी आरामात जाते, तिथले लोक रोज जातात. फक्त आमच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडीचं काहीही झालं तर कोणतंही कव्हर लागू नाही. म्हणजे बेटाला परवानगी होती, रस्त्याला नव्हती.

परत येताना समोरून एक पिकअप भरधाव आली. मी डावीकडे घेऊन जवळजवळ थांबलेच होते. टक्कन आवाज झाला आणि पुढच्या काचेवर, आरशाच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी उमटली. नवरा म्हणाला, काही नाही, एवढंसं तर आहे. थंडी होती म्हणून हीटर काचेवर सोडलेला. 'द नेक' (ब्रुनीचे दोन भाग जोडणारी चिंचोळी पट्टी) येईपर्यंत चांदणीला एक पाय फुटला, आणि फेरीच्या रांगेत उभे असताना माझ्या डोळ्यांदेखत तडा सरकत सरकत थेट कडेच्या रबरापर्यंत गेला. (जाता जाता सांगते, अशी चांदणी दिसली की आधी हीटर बंद करा. गरम-गार झालं की काच आणखी फाटते.)

काच फुटली याचं मला फार वाईट वाटलं नाही. खडीच्या रस्त्यावर काच जाते, आपल्याकडे घाटात डंपरच्या मागे असलं तरी जाते. मनस्ताप झाला तो पुढच्या टोलवाटोलवीचा.

हे "फुल कव्हर" कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण नाव फसवं आहे. तुम्ही साइटवरून घेतलेला विमा गाडी कंपनीला माहीतच नसतो. तो दुसऱ्याच कंपनीचा असतो. गाडीला काही झालं की गाडी कंपनी आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापते, करारातल्या 'एक्सेस' रकमेपर्यंत (नुकसानीतला आपण भरायचा वाटा), आणि अट मोडली म्हणाली तर त्याहूनही जास्त. मग तुम्ही पावत्या गोळा करून विमावाल्यांकडे क्लेम करायचा आणि त्यांनी तुम्हाला परत द्यायचे. म्हणजे दोन दारं, आणि मधे हेलपाटे घालायला आपण.

आम्ही गाडी परत केली, फॉर्मवर काय झालं, कुठे झालं ते सरळ लिहिलं. काउंटरवर कोणी काही बोललं नाही. घरी येऊन सामान जागेवर लागलं, आणि मग एका सकाळी कार्डाचा मेसेज: दोन हजार डॉलरच्या वर रक्कम गेली. ओटीपी वगैरे काही नाही. परदेशी व्यापाऱ्याला ओटीपी लागेलच असं नसतं, आणि गाडी घेतानाच आपण नंतर पैसे कापायला मान्यता दिलेली असते. मेल करून हिशोब मागितला तर उत्तर आलं, "तुमची तक्रार डॅमेज विभागाकडे पाठवली आहे." डॅमेज विभागाचा फोन नाही, फक्त मेल. त्या मेलवर प्रत्येक वेळी वेगळं नाव आणि तेच वाक्य.

शेवटी तपशील आला. काच, तिच्या मागे बसवलेल्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, कार्यालयीन खर्च, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली त्या दिवसांचं भाडं. कॅलिब्रेशनचं मला पटलं. हल्लीच्या गाड्यांत लेन बघणारा कॅमेरा काचेलाच चिकटलेला असतो, काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो, म्हणून नवीन गाडीची काच महाग पडते. पण गॅरेजचं बिल द्या म्हटलं तर नाही. विमावाले म्हणाले, बिलाशिवाय क्लेम पुढे जाणार नाही. गाडीवाले म्हणाले, बिल आमचा अंतर्गत कागद आहे. विमावाल्यांनी आणखी एक कागद मागितला: करार मोडला नाही असं गाडी कंपनीचं पत्र. गाडी कंपनी म्हणे, तुम्ही तर करार मोडलाय. मी काउंटरवरच्या मुलीचा हवाला दिला, तर कानावर हात. तोंडी बोलण्याची आमच्याकडे नोंद नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कोणी विचारूही नका. दुसऱ्या कुठल्या कंपनीत वेगळं झालं असतं याची मला काही खात्री नाही.

बिल कसं मिळालं म्हणाल तर, मी रागावणं सोडलं आणि एक कोरडा मेल लिहिला: अमुक तारखेपर्यंत गॅरेजचं बिल आणि गाडी नेमकी कोणत्या दिवसांत बंद होती त्याची नोंद द्या, नाहीतर टास्मानिया सरकारच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करते आहे. बिल लगेच आलं. गाडी बंद राहिल्याचे दिवसही एकदम कमी झाले, आणि तेवढे पैसे कार्डावर परत आले, अर्थात त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने, आणि बँकेने जाताना परदेशी चलनासाठी कापलेला मार्कअप (जादा आकार) काही परत आला नाही. विमावाल्यांनी मात्र शेवटपर्यंत तोंडाला पानं पुसली. खडीचा रस्ता म्हणजे करारभंग, करारभंग म्हणजे क्लेम नाही.

आता तुम्ही काय करा. आजच गाडी कंपनीला मेल टाका. ब्रुनीला नेऊ का असं विचारू नका, रस्त्याचं नाव घेऊन विचारा: ब्रुनीचा लाइटहाउस रोड, फ्रेसिने राष्ट्रीय उद्यानातल्या फ्रेंडली बीचेसला उतरणारा रस्ता, आणि आर्थर रिव्हरहून कोरिनाला जाणारा सी 249 असले काही डोक्यात असेल तर तोही. प्रत्येकासाठी हो की नाही, आणि हो असेल तर काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग त्यात धरला आहे का. उत्तर मेलवरच घ्या. फोनवर "डोन्ट वरी" म्हणाले तर म्हणा, हेच मेलवर पाठवा. दुसरं, विमावाल्यांना वेगळा मेल: क्लेमसाठी नेमके कोणते कागद लागतील. ती यादी गाडी परत करताना काउंटरवरच पुढे करा. भारतात आल्यावर त्यांना तुमची काही पडलेली नसते.

माझं मत विचाराल तर (आणि नवऱ्याला ते अजिबात मान्य नाही) गाडी कंपनीचंच सगळ्यात वरचं कव्हर घ्या. दिवसाला महाग पडतं, पोटात गोळा येतो, पण निदान दार एकच राहतं. नवरा म्हणतो, त्यातही खडीचं कलम तसंच असतं, मग पैसे का घालवा. त्याचंही बरोबर आहे, म्हणून कलम आधी वाचा आणि मग ठरवा. मी वकील नाही, विमा एजंट तर त्याहून नाही. करार कंपनीगणिक बदलतात, कदाचित तुमच्या करारात हे सगळं चालत असेल, मग माझा हा सगळा फापटपसारा सोडून द्या. दीपगृह मात्र गाळू नका. त्या कड्यावरून खाली समुद्र बघितला की डॉलर विसरायला होतात, निदान संध्याकाळपर्यंत.

कार्डाचं एक राहिलं. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. काउंटरवर डिपॉझिटची रक्कम ब्लॉक होते, ती मोकळी व्हायला वेळ लागतो, तेव्हा हॉटेलं त्याच कार्डावर टाकून लिमिट संपवू नका.

आता रूटबद्दल थोडं, कारण राहवत नाही. स्ट्रॉनहून क्रेडल बघून त्याच रात्री लॉन्सेस्टन असं जे तुम्ही लिहिलंय, ते कृपया काढून टाका. नकाशावर टास्मानिया लहान दिसतं, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडंच मोठं, पण पश्चिमेचे रस्ते वळणांचे आहेत. होबार्ट ते स्ट्रॉन तीनशे किलोमीटरला जेवणासकट अख्खा दिवस धरा. त्याच रस्त्यावर क्वीन्सटाउन लागतं. डोंगर असे बोडके का, असं तुम्हाला वाटेल. तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, राहिलेली गंधकाच्या धुराने गेली आणि मग पावसाने माती धुऊन नेली. आता हळूहळू हिरवं होतंय. स्ट्रॉनकडे जाताना किंवा होबार्टकडे येताना टाकी तिथे भरा, डरवेंट ब्रिजच्या बाजूला मधे जंगलच जंगल आहे आणि मोबाइलला रेंज नसते. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

आणि अंधारात गाडी नको. हे सगळे सांगतात, तरी मीही सांगते, कारण एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि महिनाअखेरीला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपण सहाला चहा घेऊन निघू म्हणतो, तेव्हा पॅडीमेलन, वॉलबी (दोन्ही छोट्या कांगारूंसारखे), गुबगुबीत वॉम्बॅट सगळे रस्त्यावर असतात. सकाळी कडेला मेलेली जनावरं किती पडलेली दिसतात ते बघून जीव कळवळतो. ती खायला टास्मानियन डेव्हिल येतो आणि तोही गाडीखाली सापडतो. एखादं जनावर जखमी दिसलं तर होबार्टजवळच्या बोनोराँग अभयारण्याची बचाव हेल्पलाइन आहे, नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. मादी मेलेली असली तरी पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून कळवायचं. मात्र गाडी सुरक्षित जागी लावूनच उतरा.

तुम्ही खाण्याचं विचारलं नाहीत, तरी: मेलबर्नहून येताना ताजी फळं, भाज्या, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता टास्मानियात नेता येत नाही. देशांतर्गत विमान असलं तरी उतरल्यावर कुत्रा येऊन बॅगा हुंगतो. भडंग, मेतकूट, लसणाची चटणी असलं काही भारतातून नेणार असाल तर ऑस्ट्रेलियात शिरताना भरायच्या प्रवासी कार्डावर जाहीर करा. जाहीर करून जप्त झालं तर फक्त चटणी जाते, लपवलं तर दंड. पंचवीस एप्रिलला अँझॅक डे (युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) असतो, दुपारपर्यंत बरीच दुकानं बंद. आदल्या दिवशीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा.

फोर बाय फोरचं म्हणाल तर अजिबात गरज नाही. तुमच्या यादीतल्या सगळ्या ठिकाणी साधी गाडी जाते, आणि खडीचं कलम असेल तर ते फोर बाय फोरलाही लागू असू शकतं. क्रेडलला तर शटलच्या वेळेत तुमची गाडी डव्ह लेक तळ्यापर्यंत सोडतच नाहीत, व्हिजिटर सेंटरहून बस घ्यावी लागते, आणि त्यासाठी पार्क पास हवा. त्या वाचलेल्या पैशात क्रेडलला दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी पाऊस असला तर दुसरा हाताशी राहतो, आणि संध्याकाळी रॉनी क्रीकला वॉम्बॅट चरताना बघायला घाई होत नाही. खोली लवकर बघा. एप्रिलच्या शेवटी फॅगस पिवळा-तांबडा होतो, ऑस्ट्रेलियातलं थंड हवेत वाढणारं आणि हिवाळ्यात पान गाळणारं हे एकमेव देशी झाड, आणि ते बघायला तिथलेच लोक गर्दी करतात.