टेबलावरच्या जुन्या टेलिफोनमध्ये बोलण्याचा आणि ऐकण्याचा भाग वेगवेगळा का असे?

याचे मुख्य कारण म्हणजे बोलण्याच्या भागात भरलेले कोळशाचे बारीक कण. आवाजाने पडदा थरथरला की हे कण दाबले जात किंवा सैल होत आणि त्यानुसार तारेतला विद्युतप्रवाह कमी-जास्त होई. पण हा भाग हातात धरून हलवला, तर कण एका बाजूला सरकून आवाज बिघडत असे. शिवाय दोन्ही भाग एकाच दांड्यावर बसवले, तर कानाजवळचा आवाज पुन्हा तोंडाजवळच्या भागात शिरून शीळ घुमण्याचा धोका होता. म्हणून अमेरिकेत मेणबत्तीच्या उभ्या दाणीसारखा फोन रूढ झाला: माथ्यावर बोलण्याचा भाग, बाजूच्या आकड्याला टांगलेला ऐकण्याचा भाग आणि घंटा बहुधा भिंतीवरच्या वेगळ्या पेटीत.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने मात्र १८९२ मध्येच दोन्ही भाग एका मुठीत मावतील असा टेबल-फोन काढला. त्याची रचना मला फार मोलाची वाटते, कारण त्याचे वाकवलेले काळे पाय नुसते शोभेचे नव्हते. हँडल फिरवून एक्स्चेंजला घंटी देणाऱ्या मॅग्नेटोचे, म्हणजे छोट्या वीजनिर्मिती यंत्राचे, चुंबक म्हणजेच ते पाय होते. यंत्र लपवण्याऐवजी त्यालाच आकार देण्याचे इतके देखणे उदाहरण क्वचितच सापडते.

पुढे याच कंपनीसाठी नॉर्वेचे चित्रकार जाँ हाइबर्ग यांनी बेकेलाइट या सुरुवातीच्या प्लास्टिकचा फोन घडवला, तर अमेरिकेत डिझायनर हेन्री ड्रेफस यांच्या १९३७ च्या ३०२ मॉडेलमध्ये घंटाही फोनच्या पोटातच बसवली गेली.