दिल्लीचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सरकारनं कशासाठी काढलं? सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग?

प्रश्नातला 'सामान्य माणूस' म्हणजे मीच, म्हणून लिहितो. यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात तीस वर्षं पेंटरकी केली. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची 'जय किसान', निवडणुकीच्या भिंती आणि पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. शिंगं राहिली, बैलाला फ्लेक्स लावता येत नाही म्हणून.

इतिहास आधी उरकतो. इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस आहे, जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ साली बांधलेली घुमटाची कोठी. तिथे २९ मार्च १९५४ ला उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी संग्रहालयाचं उद्घाटन केलं, नेहरू हजर होते. पहिले प्रमुख हर्मन गोएट्झ, जर्मन माणूस, आधी बडोद्याच्या संग्रहालयात होते. साधारण १८५० नंतरची देशातली चित्रं-शिल्पं एका छताखाली जपायची आणि कोणालाही पाहू द्यायची, हा हेतू. चित्रकार अमृता शेरगिल १९४१ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिची चित्रं इथे आली नसती तर कुठल्या दिवाणखान्यांत विखुरली असती, देव जाणे.

आता उपयोग. दिल्लीत पुशाच्या कृषी संशोधन संस्थेचा मेळा पाहायला आम्ही वर्ध्याहून गाडी धरली होती. सोबत आमचे जवाई, मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं कृषी केंद्र आहे. त्याची पाटी मी रंगवली होती, पुढे त्यांनीच ती उतरवून फ्लेक्स लावला. मी संग्रहालयात जायचं म्हटलं तर म्हणाले, "पैशे देऊन चित्रं कायले पाहाची? क्यालेंडर आहे नं घरी." तिकीट तर्री-पोह्याच्या प्लेटीपेक्षा स्वस्त होतं. मी काढलं दोघांचं.

आत हरिपुऱ्याची चित्रं लागली होती. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुरा नावाच्या खेड्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू अध्यक्ष होते. गांधीजी तेव्हा आमच्या सेवाग्रामलाच राहायचे. त्यांच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी मंडपासाठी, कमानींसाठी चित्रं केली. येणारा शेतकरी येता-जाता पाहील अशी. ढोलवाला, सुतार, बैल आवरणारा माणूस. साधा कागद, मातीचे रंग, एकेक चित्र दोनेक फुटांचं.

मी बैलापुढे थांबलो. पाठीची काळी रेघ वशिंडापासून शेपटापर्यंत एका दमात ओढलेली. वळणावर ब्रश दाबला म्हणून जाड, पुढे उचलला म्हणून बारीक. ब्रश मधे एकदाही टेकलेला नाही. हे ब्रश धरणाऱ्यालाच कळतं. शिंगावर पट्टा ओढताना बैल मान हलवतो, तेव्हा असाच श्वास रोखून हात फिरवावा लागतो. मी इतका वाकलो की रखवालदार ओरडला.

जवाई म्हणाले, "हे तं तू बी काढतं."

म्हटलं, "भाऊजी, तुमी पहिल्यांदा कबूल केलं."

पण बाहेर पडेस्तोवर माणूस फिरला. शिंगं रंगवणं म्हणजे काम, कला नव्हे, हे त्यांचं पालुपद. अहो, मग तो ढोलवाला आणि सुतार कामच करत होते ना? मंडपाची सजावट हेही नंदलालबाबूंचं कामच होतं! आता कायद्यानं त्यांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, शेरगिलचीही नाहीत.

तुमच्या घरी चित्रं काढणारं पोर असेल तर त्याला एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवा. माझ्या भाच्याला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. जवाईंनी डी. फार्मला घातलं, दोन वर्षं नापास झाला, आता गल्ल्यावर बसतो आणि पावतीच्या मागे बैल काढतो. विदर्भात कला कुठली, असं म्हणणाऱ्यांनी ऐकावं: चित्रकार गायतोंडे जन्मले नागपुरात, चित्रकार रझा शिकले नागपूरच्या चित्रशाळेत.

तक्रारीही आहेत. संग्रह सतरा हजारांच्या वर, भिंतीवर लागतं त्यातलं थोडंच. पोळ्याची शिंगं, गावच्या भिंती तिथे दिसणार नाहीत. त्याला हस्तकलेचं वेगळं संग्रहालय, ही वाटणी मला पटत नाही. आणि दिल्ली लांब आहे. शाखा मुंबईत आहे, बंगळुरात आहे. नागपुरात आपलं अजब बंगला नावाचं संग्रहालय आहे, १८६३ चं, पण त्याची तऱ्हा वेगळी.

सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आमचा पहिला हेलपाटा तसाच वाया गेला होता, आणि जवाई पाहुण्यांना अजून तेवढीच गोष्ट सांगतात.