गर्भ गायीला कळवतो कसं, मी आलोय म्हणून?

प्रश्न : आमच्या देवणी गायीला रेतन करून 21 दिवस होऊन गेले, माजावर आली नाही. पोरगी म्हणते गर्भच इंटरफेरॉन सोडून गायीला कळवतो. पण इंटरफेरॉन तर काविळीच्या औषधात असतं ना? आणि गर्भ अर्धा वळूचा, मग गायीचं शरीर त्याला परकं समजून बाहेर का टाकत नाही? – एक वाचक, ता. उदगीर

उत्तर : ताई, पोरगी बरोबर सांगतीय. व्हायरस शिरला की पेशी जे प्रोटीन सोडतात ते इंटरफेरॉन, 1957 साली सापडलं, हिपॅटायटिसला देतात तो त्यातलाच एक प्रकार. गाय, शेळी, मेंढी ह्यांच्या गर्भाकडं त्याचा भाऊबंद आहे, इंटरफेरॉन टाऊ, आणि तो सुटायला व्हायरस लागतच नाही. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ म्हणजे नुसता पांढुरका लांब धागा, गर्भाशयाला अजून नीट चिकटलेला पण नसतो, तरी त्याच्या बाहेरच्या पेशी टाऊ सोडत असतात. तो पोचला की गर्भाशय प्रोस्टाग्लँडिनचा, म्हणजे पीतपिंड मोडणाऱ्या रसायनाचा, मारा करत नाही, मग बीजांडकोशावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथं तयार होणारी पिवळी गाठ) टिकतो, त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन चालू राहतं आणि गाय उलटत नाही, म्हणजे पुन्हा माजावर येत नाही. रोगाशी लढायचं जीन निरोप द्यायला वापरलंय, मला तर हे फार विलक्षण वाटतं! माणसात मात्र टाऊ नाही, तिथं हे काम एचसीजी नावाचं हार्मोन करतं.

पण माज दिसला नाही म्हणून गाभण धरू नका, उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा माज, खूप होतो, महिन्याभरानं सोनोग्राफी नाहीतर दोन महिन्यांनी हातानं तपासणी करून घ्याच.

तुमचा दुसरा प्रश्न पीटर मेडावर ह्या शास्त्रज्ञानं 1953 मध्येच विचारला होता. आपलं-परकं ओळखायची खूण म्हणजे पेशीवरचे एमएचसी रेणू, आणि गायीच्या वारेच्या बाहेरच्या पेशी सुरुवातीचे महिने ते जीन बंदच ठेवतात, माणसाच्या वारेतल्या काही पेशी एचएलए-जी नावाचा वेगळाच रेणू दाखवून आईच्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना शांत ठेवतात. गायीत शेवटच्या महिन्यांत वारेच्या काही भागात एमएचसी रेणू दिसायला लागतात, आईचं शरीर परकं ओळखतं आणि वार सुटायला त्याची मदत होते. वासराचे हे रेणू आईशी फार जुळले तर वार अडकायची शक्यता वाढते असं दिसलंय, अर्थात वार अडकायला बाकीची कारणं पण भरपूर आहेत. म्हणून व्याल्यावर लोंबणाऱ्या वारेला दगड नाहीतर चप्पल बांधायची पद्धत आहे ना, ती अजिबात करू नका, ओढूही नका, आतून फाटतं, रक्त जातं. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा.