२७ एप्रिल नको, ५ मे मागा

ताई, तुमच्या ईमेलमधला बहुतेक मजकूर तुमच्या कौन्सिलच्या चीफ एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या, पगाराबद्दल आहे आणि स्वतःच्या पैशांबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते, कारण तुमच्या हातात फक्त दोन आठवडे उरले आहेत.

बाकीच्या वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगते. या ताई दक्षिण वेल्समधल्या एका कौन्सिलच्या (स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) ग्रंथालयात काम करतात, वय ४७. बजेटच्या कपातीत त्यांची जागा गेली आणि मंगळवार, ३१ मार्च २०२६ हा नोकरीचा शेवटचा दिवस ठरला. शेजारच्या कौन्सिलने त्यांना कायम नोकरी देऊ केली आहे, २७ एप्रिलपासून. जुन्या कौन्सिलकडून रिडन्डन्सीची रक्कम, म्हणजे जागा गेल्याची भरपाई, आणि नव्याकडून पगार, असे दोन्हीकडून पैसे येतील, असं त्या धरून चालल्या आहेत. फेब्रुवारीपासून मला आलेलं या धर्तीचं हे चौथं पत्र. कोणी शाळेच्या स्वयंपाकघरातलं, कोणी केअर होममधलं, पण चूक सगळ्यांची एकच.

तुम्ही मला रिडन्डन्सीच्या पत्राचं पहिलं आणि तिसरं पान पाठवलंत. दुसरं मी मागितल्यावर आलं, आणि सगळा निकाल त्याच पानावर आहे. खालून दुसरा परिच्छेद पाहा. नोकरी संपण्याआधी ‘मॉडिफिकेशन ऑर्डर’च्या यादीतल्या दुसऱ्या संस्थेकडून नोकरीचा प्रस्ताव आला आणि चार आठवड्यांच्या आत तिथे रुजू झालात, तर रिडन्डन्सीची रक्कम मिळणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. हा कौन्सिलने मनाने घातलेला नियम नाही. १९९९ च्या त्या आदेशाने कौन्सिलं, त्यांच्या शाळा, फायर ब्रिगेड अशा कितीतरी संस्था या एका कामापुरत्या जणू एकच मालक मानल्या आहेत. एकीकडची नोकरी जाऊन दुसरीकडे लगेच लागली, तर कायद्याच्या नजरेत तुमची नोकरी गेलीच नाही.

प्रस्ताव लेखी असावा लागत नाही. फोनवर ‘तुम्हाला घेतलं’ म्हटलं तरी तो प्रस्तावच. तुमच्याकडे तर ईमेल आहे आणि तुम्ही त्याच संध्याकाळी ‘येस, हॅपी टू ॲक्सेप्ट’ असं उत्तर पाठवून मोकळ्या झालात. हातातलं पत्र पूर्ण न वाचता हे का केलंत? तीन पानंच तर होती. डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची) तपासणी आणि रेफरन्स बाकी असल्याने हा अजून पक्का प्रस्ताव नाही, असा मुद्दा एखादा वकील मांडू शकेल. मीही वेळ आली तर मांडेन, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

म्हणजे आता तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रुजू होण्याची तारीख. ३१ मार्चपासून चार आठवडे २८ एप्रिलला भरतात. २७ एप्रिल त्याच्या आत पडते, आणि तुमचे सगळे पैसे त्या एका सोमवारपायी जातात. नव्या कौन्सिलला आजच लिहा की मला मंगळवार, ५ मेपासून रुजू व्हायचं आहे. ४ मेला बँक हॉलिडे आहे, त्यामुळे ही तारीख कोणाला वावगी वाटणार नाही. २९ एप्रिल मोजणीच्या अगदी काठावर पडते, म्हणून एका दिवसावरून नंतर हुज्जत घालत बसायची नसेल तर थोडी जागा ठेवा. बदललेली तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या, ‘बोलणं झालंय’ एवढ्यावर थांबू नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. जुन्या कौन्सिलने सहीसाठी फॉर्म पाठवला असेल, ‘मला दुसऱ्या कौन्सिलकडून प्रस्ताव आलेला नाही’ असा. त्यावर खोटी सही करायची नाही. प्रस्ताव आला आहे आणि मी ५ मेला रुजू होणार आहे, हे सरळ सांगा. एवढं अंतर असेल तर लपवायचं काही कारणच राहत नाही. खोटं बोललात तर पैसे परत जातील आणि नवी नोकरीही धोक्यात येईल.

आता रक्कम. एचआरने तुमची सलग नोकरी ५ वर्षे धरली आहे आणि त्यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत! तुम्हीच लिहिलं आहे की फेब्रुवारी २०१५ पासून तुम्ही आधी दुसऱ्या एका कौन्सिलमध्ये होतात आणि जानेवारी २०२१ मध्ये शुक्रवारी तिथून निघून सोमवारी इथे आलात. जो आदेश तुमच्या आड येतो आहे, तोच इथे तुमच्या बाजूने उभा राहतो. रिडन्डन्सीपुरती तुमची नोकरी ११ वर्षांची आहे. वयाच्या ४१ नंतरच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दीड आठवड्याचा पगार आणि त्याआधीच्या वर्षाला एक. तुमच्या बाबतीत सहा वर्षांचे नऊ आणि पाच वर्षांचे पाच, मिळून चौदा आठवडे. आठवड्याला ४५० पौंडांनी ६,३०० पौंड होतात. एचआरच्या हिशेबात साडेसात आठवडे, म्हणजे ३,३७५. हा कायद्याने मिळणारा किमान आकडा. तुमच्या कौन्सिलच्या धोरणात याहून जास्त असू शकतं, ते धोरण मागून घ्या.

जुनं नेमणूकपत्र घर बदलताना टाकून दिलंत, असं लिहिता. बरं, पेन्शनची वार्षिक विवरणपत्रं तरी शोधा. वेल्समध्ये कौन्सिलांच्या पेन्शनचे आठच फंड आहेत आणि तुमच्या दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा त्यांच्याकडे नोंदलेल्या असणार. फंडाला ईमेल करा, उत्तराची प्रत एचआरला द्या.

पैसे घेण्याची किंमतही आहे. पाच आठवडे पगार नाही. त्यातले चार तसेही जाणारच होते. शिवाय रिडन्डन्सीची रक्कम घेतली की त्यासाठीची सलगता तुटते. पुढच्या दोन वर्षांत नव्या कौन्सिलनेही जागा काढली तर तिथून काही मिळणार नाही. आजारपणाच्या पगाराचा हिशेबही बहुधा पहिल्या वर्षापासून सुरू होईल. पाच वर्षे झालेल्याला सहा महिने पूर्ण आणि सहा महिने अर्धा पगार मिळतो, नव्याला पहिल्या वर्षी फारच कमी. तब्येतीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर माझं उत्तर उलटं आहे, मग २७ एप्रिललाच रुजू व्हा आणि सलगता सांभाळा. तसं नसेल तर ६,३०० पौंड सोडण्यासारखं कारण मला दिसत नाही.

आणि चीफ एक्झिक्युटिव्ह. तुमचा संताप मला पटतो. ग्रंथालयाचे तास कमी करायचे, लोकांना घरी पाठवायचं आणि वरचा पगार तसाच ठेवायचा, हे बघून मलाही चीड येते. पण कपात तिथे का केली नाही, हे नोकरीचे वाद ऐकणारं ट्रायब्युनल विचारत नाही. ते बघतं की जागा खरंच गेली का, कोणाला काढायचं याची निवड न्याय्य झाली का, चर्चा मनापासून झाली का. तुमच्याबरोबर दोनच बैठका झाल्या आणि निवडीचे गुण दाखवले नाहीत, असं म्हणता. त्यात दम असू शकतो, पण कागद पाहिल्याशिवाय मी त्यावर मत देणार नाही. युनियनमध्ये असाल तर प्रतिनिधीला आजच गाठा.

पगाराचा प्रश्न लढायची जागा वेगळी आहे. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टप्रमाणे वेतन धोरण दर वर्षी ३१ मार्चपूर्वी पूर्ण कौन्सिलच्या सभेत मंजूर व्हावं लागतं. वेल्समध्ये या सभा ऑनलाइन दाखवणं आता बंधनकारक आहे, ती बघा आणि तुमच्या नगरसेवकाला त्याआधी लिहा. कौन्सिलचे हिशेब लोकांना तपासायला खुले झाले की मतदार म्हणून ऑडिटरपुढे आक्षेप घेता येतो. दक्षिण वेल्समधल्याच कॅरफिली कौन्सिलचं प्रकरण तुम्ही लिहिलंच आहे. २०१२ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार गोठलेले असताना तिथे चीफ एक्झिक्युटिव्हचा पगार सुमारे १,३२,००० वरून १,५८,००० पौंडांवर नेला गेला आणि २०१३ मध्ये ऑडिटरने तो निर्णय बेकायदा ठरवला. पुढचंही लक्षात ठेवा. फौजदारी आरोप २०१५ मध्ये कोर्टाने फेटाळले आणि कौन्सिलने त्यांना शेवटी बडतर्फ केलं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यातली बरीच वर्षं ते निलंबित होते, तेही पूर्ण पगारावर.

वरच्यांना अशी वर्षानुवर्षं मिळतात. तुम्हाला अन्यायकारक बडतर्फीचा दावा करायला तीन महिन्यांना एक दिवस कमी, म्हणजे ३० जून. त्याआधी एकासकडे (नोकरीचे वाद मिटवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) तडजोडीची नोंद करावी लागते, ती केल्याशिवाय दावा दाखल होत नाही. रिडन्डन्सीच्या रकमेसाठी सहा महिने आहेत. सुनावणीची तारीख मात्र महिनोन्‌महिने लागत नाही, आणि त्या वाट पाहण्यात माझे कितीतरी अशील थकून कमी रकमेवर मिटवतात. म्हणूनच मला तुमचा हिशेब ३१ मार्चच्या आत दुरुस्त झालेला हवा आहे.

आज दोन ईमेल गेले पाहिजेत, नव्या कौन्सिलला ५ मेसाठी आणि एचआरला ११ वर्षांसाठी. पाठवण्याआधी मसुदे मला दाखवा, आणि या वेळी सगळी पानं जोडा.