६५ सेंमीच्या वेगवान आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीला ४एस लिपोवर (चार सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) कोणती मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) घ्यावी?

३६ मिमी व्यासाची, चार पोलची ब्रशलेस इनरनर मोटर (जिचा आतला भाग फिरतो) घ्या, केव्ही (दर व्होल्टला बिनलोड आरपीएम) २००० च्या आसपास. हिशोब सोपा आहे: ४एस म्हणजे १४.८ व्होल्ट, गुणिले २००० म्हणजे बिनलोड साधारण २९,६०० आरपीएम. एवढ्या बोटीला हे भरपूर झालं. जास्त केव्हीच्या मोहात पडू नका, करंट झपाट्याने वाढतो आणि सगळं तापतं.

ईएससी बोटीचीच हवी, वॉटर कूलिंगवाली, किमान १२० अँपिअरची. विमानाची ईएससी बोटीच्या बंद हलमध्ये (सांगाड्यात) हवेअभावी जळते. बॅटरी ते ईएससी वायर शक्य तितकी आखूड ठेवा. ती लांबवली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीचे कपॅसिटर फुगतात. लांबवायचीच असेल तर मोटरकडची लांबवा.

खरी मेख प्रोपेलरमध्ये आहे. प्रोपेलरचा व्यास थोडा वाढला तरी लोड खूप वाढतो, म्हणून लहानापासून सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त अर्धा मिनिट पळवा, बोट काठाला आणा, झाकण उघडा आणि मोटर, ईएससी, बॅटरीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. ६० अंशांच्या आत असेल तरच वेळ वाढवा. कूलिंगच्या आउटलेटमधून पाण्याची धार येतेय ना, हेही प्रत्येक फेरीत बघा.