मुलाचं नाव ‘ओबेद’ ठेवताय?
दादा, ओबेद आवडलंय ना, मग खुशाल ठेवा. हिब्रूतल्या ‘सेवा करणे’ या धातूवरून आलेलं नाव. अर्थ सेवक, उपासक. बायबलात हा रूथ आणि बवाजचा मुलगा, दावीद राजाचा आजोबा. गंमत म्हणजे त्याचं नाव शेजारणींनी ठेवलं. आपल्याकडं निदान आत्या तरी असते! सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत दावीद, शमुवेल सहज भेटतील, ओबेद क्वचितच. एक सांभाळा. अरबी ‘उबैद’ याच मुळाचं, त्यामुळं कुणीही ‘उबेद’ लिहून टाकेल. महापालिकेत जन्मदाखल्यावर नाव चढवताना मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या हातानं लिहून द्या. घाई मात्र करू नका, पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क घालता येतं.