तणनाशकानं मातीतले जिवाणू मरतात का, हे कसं तपासायचं?

प्रश्न : आमच्याकडं सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव तणनाशक) मारतात. त्यानं जमिनीतले जिवाणू मरतात असं गावात बोललं जातं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे तपासता येईल का? पेट्री प्लेटवर वसाहती मोजल्या तर चालेल?
– एक विद्यार्थी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : वसाहती मोजण्यात वेळ घालवू नका. मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत. संख्येपेक्षा त्यांचं काम मोजा, म्हणजे त्यांचा श्वास (ते सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वायू) आणि नायट्रेट बनवण्याची क्षमता.

माती धुऱ्याकडच्या अशा जागेतून घ्या, जिथं वर्षभर फवारणी झालेली नाही. थर वरचा २० सेंमी. काळी माती वाफशावर असतानाच २ मिमी चाळणीतून काढा. वाळली की ढेकळं फुटत नाहीत, ओली असली की चाळणी बुजते. कोरडी माती भिजवल्यावर काही दिवस श्वासाचा भडका उडतो, म्हणून जलधारण क्षमतेच्या ५० टक्के ओलावा देऊन आठवडाभर ठेवा आणि मगच औषध घाला.

मात्रेचा हिशेब असा. हेक्टरी १ लिटर औषध म्हणजे १०० ग्रॅम सक्रिय घटक. तो वरच्या ५ सेंमीत मिसळला आणि घनता १.५ धरली, तर माती साडेसात लाख किलो होते. म्हणजे किलोला ०.१३ मिलिग्रॅम. १ मिलि औषध पाण्यात मिसळून १ लिटर द्रावण करा. दीड किलो मातीला (कोरडं वजन) शेतातल्या मात्रेसाठी २ मिलि, पाचपटीसाठी १० मिलि द्रावण पुरतं. बिनऔषधाच्या मातीलाही एकूण पाणी तेवढंच मिळायला हवं, नाहीतर फरक औषधाचा की ओलाव्याचा हे कळणार नाही. प्रत्येक मात्रेची माती ५००-५०० ग्रॅमच्या तीन डब्यांत, झाकण सैल. दर आठवड्याला वजन करून उडालेलं पाणी भरून काढा.

औषध घातल्यावर लगेच, मग ७, १४ आणि २८ व्या दिवशी प्रत्येक डब्यातून १०० ग्रॅम माती हवाबंद बरणीत घ्या. ०.३ ग्रॅम ग्लुकोज मिसळा, १० मिलि ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी बाटली आत उघडी ठेवा. १२ तासांनी त्यात बेरियम क्लोराइड (विषारी आहे, हातमोजे घाला) टाकून फिनॉल्फ्थॅलीनवर आम्लानं टायट्रेशन करा. बेरियम विसरलात तर वायू निम्माच दिसेल. मातीविना एक कोरी बरणी हवीच. (कोरी – नमुना) मिलि × आम्लाची नॉर्मॅलिटी × २२ = मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

२८ व्या दिवशी बिनऔषधाच्या मातीशी फरक २५ टक्क्यांच्या आत असेल, तर दीर्घकालीन परिणाम नाही असं धरतात. जास्त असेल तर १०० दिवसांपर्यंत चालू ठेवा. श्वास वाढला म्हणून खूश होऊ नका. मेलेल्या जिवाणूंवर उरलेले ताव मारतात तेव्हाही तो वाढतो. बिनऔषधाच्या डब्यांतच १५ टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर चाळणं किंवा मिसळणं बिघडलंय, प्रयोग पुन्हा करा.

एक अडचण आपल्या भागाची. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ५० ते ७५ टक्के वाळूची, ५.५ ते ७.५ सामूची (पीएच) माती आणि २० अंश तापमान सांगितलं आहे. आपली माती चिकण, चुनखडीची आणि विम्ल (जास्त सामूची). निकाल तुमच्या शेतापुरता खरा, पण दुसऱ्या मातीशी थेट तुलना करू नका. तापमान राखायला इनक्युबेटर नसेल तर प्रयोग थंडीत, डिसेंबर-जानेवारीत करा.

नायट्रेट मोजता येत असेल तर तीही चाचणी लावा : किलोला ५ ग्रॅम वाळलेल्या लसूणघासाची पूड, २८ दिवस. नायट्रीकरण करणारे जिवाणू मोजक्याच जातींचे. ते दबले तर त्यांचं काम करायला दुसरं कोणी फारसं नसतं, त्यामुळं श्वासात न दिसलेलं नुकसान इथं दिसू शकतं.